आधी हवा मोजा, मग पालीला हात लावा

विद्यार्थी मित्रहो, पालीचे नाव काढताच तुमच्यापैकी निम्म्यांनी नाक मुरडले असेल. माझी गोष्ट वेगळी नव्हती. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा पालीशी संबंध येतो तो एवढाच, की प्रयोगशाळेच्या कपाटामागून ती निघाली तर शिपायाला हाक मारायची. पण २०२५ च्या जानेवारीत एका पालीच्या पिलाने मला असा धडा दिला, की जो विषय मी बावीस वर्षे फळ्यावर शिकवीत आलो, तो आपल्याला नीट कळलेलाच नव्हता, हे मला मान्य करावे लागले. त्या प्रकरणातून माझी काही ठाम मते झाली आहेत. ती तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझी ताई कॅनडात ऑटावा येथे राहते. तिच्या तेरा वर्षांच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, पाल पाळली आहे. आपल्या भिंतीवरची नव्हे, तर ‘लेपर्ड गेको’ नावाच्या जातीची. पिवळसर अंगावर बिबळ्यासारखे काळे ठिपके, जाड शेपूट आणि मिटता येणाऱ्या पापण्या. (आपल्या घरातल्या पालीला अशा पापण्या नसतात. ती जिभेने डोळे पुसून घेते. आज रात्री ट्यूबलाइटखाली बसून पाहा.) हिच्या बोटांना चिकटून राहणाऱ्या गाद्या नसल्यामुळे ही भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच राहते. तिकडच्या मुलांना ती परदेशी वाटत असली, तरी मूळची ती आपल्याच बाजूची. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग हा तिचा प्रदेश. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले, ते पंजाबातील सॉल्ट रेंज या डोंगररांगेतील नमुन्यावरून. तिचे एक भावंड तर आमच्या जळगावच्या उत्तरेला पसरलेल्या सातपुड्याच्या नावाने ओळखले जाते. मध्य भारतातल्या सातपुड्याच्या रांगांतून २०१४ मध्ये ती नवी जाती म्हणून नोंदली गेली.

तर भाचीच्या पिलाचे नाव बुंदी. अंगावरच्या ठिपक्यांवरून ठेवलेले. वय चार महिने. एके दिवशी आमच्या सकाळी आणि त्यांच्या रात्री दूरध्वनी आला. भाची रडवेली झाली होती. “मामा, बुंदीची कात निघत नाहीये. पायांच्या बोटांवर पांढरं पांढरं राहिलंय. दोन बोटं सुजलीत आणि एक काळं पडलंय.”

कात टाकणे म्हणजे नेमके काय होते, हे आधी समजावून घेऊ. आपलीही त्वचा सतत झडत असते, पण अगदी बारीक बारीक कणांनी, त्यामुळे आपल्या ते लक्षात येत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांत जुन्या बाह्यत्वचेच्या खाली आधी एक संपूर्ण नवी बाह्यत्वचा तयार होते. मग दोहोंच्या मध्ये लसिकेसारखा द्रव झिरपतो, त्यांना जोडून ठेवणारा थर विकरांच्या साहाय्याने सुटतो, आणि जुना पापुद्रा मोकळा होतो. या काळात प्राणी पांढुरका, दुधाळ दिसू लागतो. मग लेपर्ड गेको नाक दगडावर घासते, तोंडाने पापुद्रा ओढते, पायातून मोजे काढावेत तसा तो बोटांवरून काढते, आणि बहुधा तिथल्या तिथे खाऊनही टाकते. म्हणून ज्यांच्या घरी ती पाळलेली असते, त्यांना टाकलेली कात सहसा पाहायला मिळत नाही. प्रौढ प्राणी साधारण महिन्या-दीड महिन्याने कात टाकतो. पिल्लू झपाट्याने वाढत असल्याने त्याला दर एक-दोन आठवड्यांनी हे करावे लागते.

हे सारे सुरळीत होण्यासाठी त्या दोन थरांमध्ये ओल टिकून राहणे आवश्यक असते. ओल लवकर सुकली तर जुना पापुद्रा सुटण्याऐवजी जागच्या जागी वाळतो. वाळताना तो आकसतो. पोटावर किंवा पाठीवर आकसला तर फाटतो, फारसे बिघडत नाही. बोटाभोवती आकसला तर त्याची अंगठी होते.

येथे माझ्यातला पदार्थविज्ञानाचा शिक्षक जागा झाला. बोटेच का? शेपटीचे टोकच का? एक दोरा घ्या. सारख्याच ताणाने तो आधी मनगटाभोवती आणि मग करंगळीभोवती आवळा. करंगळीला तो किती अधिक रुततो ते पाहा. वर्तुळाकार पट्ट्यातील ताण आत जो दाब निर्माण करतो, तो त्या वर्तुळाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या दहापट लहान, तर दाब दहापट मोठा. पिलाच्या बोटाची त्रिज्या मिलिमीटरच्या आसपास, धडाची त्याच्या कितीतरी पट. तोच पापुद्रा, तेच आकसणे. पण धडाला ते जाणवतही नाही आणि बोटाचा मात्र रक्तपुरवठा थांबतो. रक्त न पोचलेले बोट आधी सुजते, मग काळे पडते, मग गळून जाते. पहिली अंगठी निघण्याआधी पुढच्या खेपेची कात तिच्यावर चढली, तर पट्टा आणखी जाड होतो. पिलांच्या बाबतीत हे संकट अधिक येते, त्याचे कारण हेच. बोटे बारीक आणि खेपा लवकर लवकर.

घरात अर्थातच सल्ल्यांना तोटा नव्हता. ताईने भुवया कोरण्याचा चिमटा आणून ठेवला होता; धरायचा पापुद्रा आणि ओढायचा. माझी आई माझ्या शेजारी बसून ऐकत होती. तिने खोबरेल तेल सुचवले. भावजी शांत स्वभावाचे. ते म्हणाले, “जंगलात कोण जातं यांची कात काढायला? निसर्ग पाहून घेईल.”

तिघांचेही हेतू चांगले आणि तिघांचेही सल्ले चुकीचे. वाळलेला पापुद्रा ओढला तर त्याच्याबरोबर खालची कोवळी त्वचा, क्वचित नखही निघून येते. शिवाय घाबरलेली पाल शेपूट टाकून देते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या जातीच्या शेपटीत चरबीचा साठा असतो, म्हणजे शेपूट टाकणे हे तिच्या दृष्टीने वर्षाचे धान्य फेकून देण्यासारखे आहे. तेलाबद्दल बोलायचे तर तेल म्हणजे पाणी नव्हे. सुकलेल्या पापुद्र्यात जे कमी पडले आहे ते पाणी; ते तेलातून मिळणार नाही, आणि पाल ते चाटील ते वेगळेच. भावजींच्या मुद्द्याकडे मी नंतर येतो, कारण तो सर्वांत विचार करण्यासारखा आहे.

काळे पडलेल्या बोटासाठी मी एकच सांगितले: उद्याच पशुवैद्याकडे जा. तो माझा प्रांत नव्हता. मात्र एक प्रश्न माझ्या प्रांतातला होता. मी विचारला, “तिच्या पेटीतल्या हवेत पाणी किती आहे?”

“पन्नास टक्के,” भाची लगेच म्हणाली. पेटीच्या काचेला आतून एक गोल तबकडीचा आर्द्रतामापक चिकटवलेला होता. त्याचा काटा पन्नासच्या जरा पुढे होता. “आणि बाहेरची हवा तर ८० टक्के दाखवतेय,” ताईने भर घातली. “म्हणजे कोरडेपणाचा काही प्रश्नच नाही.”

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती येथे. (विषयच असा, की हा वाक्प्रचार टाळता येत नाही.) बाहेरचे तापमान किती, म्हणून विचारले. उणे १० अंश. घरात? २२ अंश. पेटीच्या खाली विजेची ऊब देणारी चटई. तिच्यावरच्या भागात ३२ अंश. हे आकडे मिळाल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली.

हवेत बाष्प किती मावू शकते हे तापमानावर अवलंबून असते, हे तुम्ही शिकला आहात. पण आकडे डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. उणे १० अंशाला एक घनमीटर जागेत जेमतेम २ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. २२ अंशाला १९ ग्रॅम. ३० अंशाला ३० ग्रॅम. ३२ अंशाला जवळजवळ ३४ ग्रॅम. आता ऑटावाची बाहेरची हवा ८० टक्के आर्द्र आहे, म्हणजे तिच्यात जास्तीत जास्त मावणाऱ्या बाष्पाच्या ८० टक्के बाष्प आहे. पण मुळात मावते किती, तर २ ग्रॅम! म्हणजे प्रत्यक्षात दीड-पावणेदोन ग्रॅम. तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली, की १९ ग्रॅमच्या जागेत पावणेदोन ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता नऊ टक्के! माणसांचा श्वास, आंघोळी, चुलीवरचे भांडे यांनी त्यात भर पडते. समजा एकूण साडेचार ग्रॅम झाले. म्हणजे खोलीत २३-२४ टक्के. आणि तीच हवा पेटीच्या उबदार कोपऱ्यात ३२ अंशांना गेली, की ३४ ग्रॅमच्या जागेत साडेचार ग्रॅम. तेरा टक्के.

गणित म्हणत होते तेरा. तबकडी म्हणत होती पन्नास. दोहोंपैकी एक नक्की खोटे बोलत होते.

आता अशा वेळी सामान्यतः आपण उपकरणावर विश्वास ठेवतो. कारखान्यात तयार झालेली, छापील आकडे असलेली वस्तू. ती कशी चुकेल? माझे मत असे, की उपकरणावर विश्वास ठेवणे हा विज्ञानाचा नव्हे, तर बाजाराचा गुण आहे. विज्ञान म्हणते, उपकरण तपासून घ्या. मी भाचीला एक साधा प्रयोग सांगितला. तो तुम्हीही घरी करू शकता, म्हणून सविस्तर देतो.

बाटलीचे एक बूच घ्या. त्यात साधे खायचे मीठ भरा. त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका, इतकेच की मीठ ओल्या वाळूसारखे होईल, विरघळून जाणार नाही. हे बूच आणि आर्द्रतामापक एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकमेकांना न लागता ठेवा आणि पिशवीचे तोंड घट्ट बंद करा. रात्रभर एका जागी राहू द्या. न विरघळलेले मीठ शिल्लक असेपर्यंत त्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ठरावीकच राहते, आणि नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ती ७५ टक्के असते. २० अंश असो की ३० अंश, त्यात फारसा फरक पडत नाही. निसर्गाने दिलेले हे प्रमाण-माप आहे, आणि ते मिठाच्या डब्यात मिळते! सकाळी काटा ७५ वर असला तर उपकरण खरे. ७० वर असला तर ते पाच टक्के कमी दाखवते, एवढे ध्यानात ठेवून वापरता येते.

भाचीने दुसऱ्या दिवशी कळवले. रात्रभर मिठाशेजारी राहूनही काटा पन्नासच्या जरा पुढेच होता. मग तिने स्वतःच्या डोक्याने आणखी एक गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती. तिने ते उपकरण घर गरम करणाऱ्या यंत्राच्या झरोक्यासमोर तासभर धरले. काटा पन्नासच्या जरा पुढे! तो अडकलेला होता. पेटी घेतली त्या दिवसापासून तो बहुधा तेथेच उभा होता, आणि सारे घर रोज त्याच्याकडे पाहून निर्धास्त होत होते. बंद पडलेले घड्याळ निदान दिवसातून दोनदा तरी बरोबर वेळ दाखवते.

दरम्यान पशुवैद्याने बुंदीला तपासले. काळे पडलेल्या बोटाचे टोक वाचण्यासारखे नव्हते. सुजलेल्या दोन बोटांसाठी त्यांनी जी रीत दाखवली, तिच्यात ओढणे नाही, खरवडणे नाही. पसरट डब्यात पाल उभी राहिली असता पाणी पोटाला जेमतेम लागेल एवढेच घ्यायचे, झाकणाला हवेसाठी भोके ठेवायची आणि पंधरा मिनिटे तिला त्यात राहू द्यायचे. पाणी २८ ते ३० अंश. हे तापमापकानेच मोजायचे, हाताने नव्हे. आपल्या हाताची त्वचा स्वतःच ३२-३३ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ३० अंशाचे पाणी आपल्याला किंचित गारच लागते, आणि जे आपल्याला छान कोमट लागते ते या इवल्या जिवाला पोळणारे ठरू शकते. मग कान पुसायची कापसाची काडी ओली करून बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच फिरवायची. मऊ झालेला पापुद्रा गुंडाळत येतो. नाही आला, तर थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवायचे. डोळ्यांच्या पापणीखाली पापुद्रा अडकला असेल तर घरी काहीच करायचे नाही, ते काम वैद्याचेच. बुंदीच्या एका बोटाची अंगठी पहिल्या दिवशी निघाली, दुसऱ्याची तिसऱ्या दिवशी. सूज उतरली.

पण हा उपाय झाला या खेपेपुरता. पंधरा दिवसांनी पुन्हा कात, पुन्हा तीच कोरडी हवा. तेव्हा खरा प्रश्न पेटीच्या हवेचा होता, आणि येथे भावजींच्या “निसर्ग पाहून घेईल” या वाक्याकडे वळावे लागते.

जंगलात या पालीची कात कोणी काढत नाही, हे खरेच. तिचा मूळ प्रदेशही रुक्ष, खडकाळ. मग तिला ओल कशाला हवी? पुस्तकात ‘रुक्ष प्रदेशातील प्राणी’ असे वाचून लोक तिला खडखडीत कोरड्या पेटीत ठेवतात, आणि येथेच फसतात. प्रदेश रुक्ष असतो, पण प्राणी प्रदेशाच्या सरासरीत राहत नाही. तो राहतो दगडाखाली, कपारीत, बिळात. दिवसभर तेथे बसून राहतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. जमिनीच्या पोटातल्या त्या बंद जागेत मातीची ओल आणि त्याच्या स्वतःच्या श्वासातले बाष्प साठून राहते. क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या कांगारू-उंदरांची बिळे विसाव्या शतकाच्या मध्याला अभ्यासली, तेव्हा बिळातल्या हवेत बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक बाष्प आढळले. वाळवंटातला प्राणी वाळवंटात टिकतो, तो वाळवंटाला तोंड देऊन तितका नव्हे, जितका त्याला चुकवून.

म्हणजे निसर्गाने पालीला ओल दिली आहे असे नव्हे. निवड दिली आहे. कात टाकायची वेळ आली की ओलसर कपार शोधायची, एरवी कोरड्या जागी बसायचे. आपण तिला काचेच्या पेटीत घातले त्या क्षणी तिची ही निवड आपण काढून घेतली. त्यानंतर “निसर्ग पाहून घेईल” असे म्हणणे म्हणजे एखाद्याला खोलीत कोंडून कुलूप लावायचे आणि तहान लागली तर तो विहिरीवर जाईल म्हणायचे. माझे स्पष्ट मत आहे, की जो माणूस प्राण्याभोवतीची हवा तापवतो, त्या हवेच्या पाण्याची जबाबदारीही त्याचीच. तापवणे ही अर्धीच कृती आहे. हवा तापली, की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, तिची तहान मात्र वाढते. ती तहान ती जवळच्या ओल्या वस्तूवर भागवते. बुंदीच्या पेटीत सर्वांत ओली वस्तू बुंदी होती.

मग सारी पेटीच ओली करावी का? मुळीच नाही. सतत दमट राहिलेल्या पेटीत बुरशी आणि जंतू माजतात, आणि या जातीच्या पालीला त्वचेचे व श्वसनाचे विकार होतात. पाहिजे ती निवड. आम्ही दह्याचा एक रिकामा डबा घेतला, म्हणजे भाचीने घेतला आणि मी दूरध्वनीवरून सूचना केल्या. बाजूला पिल्लू सहज जाईल एवढे भोक पाडून त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, तळाशी ओला करून पिळलेला कागदी टॉवेल घातला, झाकण लावले आणि तो डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवला. पेटीचा उरलेला भाग कोरडाच. कागद रोज पाहायचा, सुकला तर ओला करायचा, दोन-तीन दिवसांनी बदलायचा. चटईला थर्मोस्टॅट जोडून तापमान ३२ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही.

एवढ्याशा डब्याने काय होणार, असे ताईला वाटले. म्हणून मी तिला आणखी एक हिशेब करून दाखवला, आणि या सबंध प्रकरणात मला स्वतःला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते याचे. ३० अंशाला एक घनमीटर हवेत ३० ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे एक लिटर हवेत ३० मिलिग्रॅम. डब्याची धारण एक लिटर धरा. त्यातली हवा पार कोरडी असली, तरी ती पूर्ण संपृक्त करायला लागणारे पाणी ३० मिलिग्रॅम. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅम भरतो. एका थेंबाहूनही कमी! भोकातून बाष्प निसटत राहते म्हणून कागद ओला ठेवावा लागतो, ते खरे. पण बुंदीचे बोट गेले ते एवढ्या पाण्यावाचून.

सगळ्याच पालींच्या कातीचे दुखणे हवेतच असते असे मात्र समजू नका. पेटी थंड असली, आहार निकस असला, अ जीवनसत्त्व कमी पडले, पोटात कृमी असले, तरीही कात अडकते. हवा तपासली, ती ठीक आहे आणि तरीही दर खेपेला कात अडकते आहे, तर वैद्याकडेच जायला हवे. परंतु हवा तपासायला दहा मिनिटांचा हिशेब आणि चिमूटभर मीठ लागते. ते आधी का करू नये? चिमटा हातात घेण्याची आपल्याला जी घाई असते, ती मोजण्याची का नसते?

याचे उत्तर मला आवडणारे नाही, कारण ते माझ्यापर्यंत येऊन पोचते. ‘सापेक्ष आर्द्रता’ मी दरवर्षी शिकवतो. व्याख्या, सूत्र, एक सोडवलेले उदाहरण, आणि “हे परीक्षेत येते” ही सूचना. ताई माझ्याच घरात वाढली, शाळेत तिने हाच पाठ वाचला, तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि तरीही उणे १० अंशाची ८० टक्के हवा दमट आहे असे तिला वाटले. तिला वाटले यात नवल नाही. टक्केवारी कशाची, हे विचारण्याची सवय आम्ही शिक्षकांनी लावलीच नाही. हिवाळ्यात आपले ओठ फुटतात, टाचा भेगाळतात, उन्हाळ्यात कूलर जळगावला गारवा देतो आणि मुंबईला नुसता घाम आणतो, या साऱ्यांत तो पाठ आहे. पण आम्ही तो फळ्यावरून खाली उतरू दिला नाही.

शिक्षक मित्रांना म्हणून माझी विनंती आहे. यंदा हा पाठ शिकवताना व्याख्या शेवटी सांगा. आधी दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी बांधा आणि दोघांतला फरक मुलांना रोज लिहायला लावा. वर्गात, मोरीजवळ, झाडाखाली, माठाशेजारी. एकाच शाळेच्या आवारात किती वेगवेगळ्या हवा आहेत ते त्यांना दिसू द्या. बाजारातला आर्द्रतामापक असेल तर तो मिठाने तपासायला सांगा. तो चुकलेला निघाला, तर मुलांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हे वाचून कोणी सातपुड्यातून, नाही तर घरामागच्या दगडाखालून पाल पकडून आणून डब्यात ठेवू नका. बुंदी बंदिवासात जन्मली आहे, तिला आता परतायला जागा नाही. रानातल्या पालीला आहे. तुम्हाला कात टाकणे पाहायचेच असेल तर पाल धरावी लागत नाही. भिंतीवरची एखादी पाल पांढुरकी दिसू लागली की तिच्यावर नजर ठेवा, ती कोणत्या कोपऱ्यात जाते ते टिपून ठेवा, आणि जमले तर त्या कोपऱ्यातली हवा मोजा.

भाचीने नवा आर्द्रतामापक आणला. पहिल्या रात्री तो पेटीत नव्हे, मिठाच्या पिशवीत गेला. ७३ दाखवले, म्हणजे दोन मिळवायचे. फेब्रुवारीच्या मध्याला तिचा निरोप आला.

“मामा, खोलीत २४, पेटीत १९, डबीत ७६. दोन मिळवून. बुंदी काल पांढरी झाली होती, रात्रभर डबीत बसली होती. सकाळी बघते तर एकदम चकचकीत. कात सगळीकडे शोधली, कुठेच नाही.”

“बोटं मोजलीस?” मी विचारले.

“तीन वेळा. एकोणीस आणि एक अर्धं.”